गॅरेजच्या भिंतीत एसीचे पाइप : चार स्टार, पाचवा ड्रेननं खाल्ला

आधीच सांगतो, हा एसीचा रिव्ह्यू नाही. एसी कुठलाही घ्या, थंड करतोच. हा रिव्ह्यू तो बसवणाऱ्यांचा आहे, आणि त्यातही भिंतीच्या आत जे गेलं आणि आता कुणाच्या बापाला दिसत नाही, त्याचा. फिटरचं नाव टाकत नाही, कारण पुढं एक तक्रार पण आहे आणि माणूस कामाला चांगला आहे, उगाच त्याच्या धंद्यावर कशाला पाणी टाका.

तर मी फाउंड्रीवाल्यांसाठी पॅटर्नची, म्हणजे ओतकामाच्या नमुन्यांची डिझाईनं करतो. बरीच वर्षं उद्यमनगरात दुसऱ्याच्या ऑफिसात काढली, आता घरच्या गॅरेजातच मांडलंय सगळं. गाडी बाहेर रस्त्यावर उन्हात आणि मी आत, दोन कॉम्प्युटर, एक थ्रीडी प्रिंटर. वर पत्रा. "कोल्हापुरात कशाला लागतोय एसी" म्हणणाऱ्यांनी एप्रिलमध्ये दुपारी दोनला पत्र्याखाली अर्धा तास बसून दाखवावं, चहा मी पाजतो. मागच्या उन्हाळ्याआधी पत्र्याखाली पीव्हीसी पॅनेलचं सीलिंग मारून घेतलं, त्यानं फरक पडला पण भागलं नाही, मग दीड टनाचा इन्व्हर्टर एसी घेतला.

आता अडचण अशी की आमचं घर पंचगंगेच्या अंगाला, सखल भागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गॅरेजात मांडीभर पाणी होतं, २०२१ च्या जुलैत परत आलं. त्यामुळं आउटडोअर युनिट खाली बोळात ठेवायचा प्रश्नच नाही, ते पहिल्या मजल्याच्या सज्जावरच जाणार. म्हणजे पाइप गॅरेजातनं निघून घराच्या मागच्या बाजूनं वर, एकूण २८ फूट. आणि बायकोची अट एकच, की एसी खुशाल घ्या पण ते पांढरी पट्टी गुंडाळलेलं आतडं भिंतीवर लोंबताना दिसता कामा नये, क्लायंट येतात, बरं दिसत नाही. आमच्या शेजारी तसंच आहे, पट्टी उन्हानं फाटलीय, आतला काळा फोम बाहेर आलाय आणि त्यातनं पाणी ठिबकून भिंतीवर शेवाळ धरलंय. तिचं चुकीचं नव्हतं.

मग मी नेहमीचा गाढवपणा केला, म्हणजे चार रात्री यूट्यूब बघितलं. तिथं सगळे अमेरिकेतले व्हिडिओ. त्यांच्या गॅरेजची भिंत म्हणजे लाकडाचे उभे वासे आणि दोन्ही बाजूनं जिप्समची शीट, आत पोकळ, साडेतीन इंचांची जागा आयतीच मिळते. शीट कापायची, पाइप आत सोडायचा, उद्या कुणी खिळा मारला तर पाइपला लागू नये म्हणून वाशावर लोखंडी पट्टी ठोकायची, परत शीट लावायची, संपलं. एका दुपारचं काम. बघून वाटतं आपण पण करू. आपल्याकडं भिंत म्हणजे नऊ इंची वीट, त्यावर प्लास्टर, आणि आमची तर वरचा मजला डोक्यावर घेऊन उभी आहे. इथं पोकळी नसते, ती पाडायला लागते, आणि किती पाडायची यावरच सगळा खेळ आहे हे मला नंतर कळलं.

पहिला फिटर आला तो दुकानानं पाठवलेला. एसीबरोबर तीन मीटरचे पाइप येतात, पुढचे तो जोडणार होता. मी विचारलं जोड कुठं येणार, तर म्हणाला भिंतीतच, वेल्डिंग पक्कं असतंय, काय होत नाही. प्रेशर टेस्टचं, म्हणजे दाब देऊन पाइप गळतोय का ते बघायचं विचारलं तर म्हणाला एसी चालू करून साबणाचं पाणी लावून बघू की. अहो पण तोवर तुम्ही प्लास्टर केलेलं असणार, साबण काय भिंतीला लावायचा? त्यावर हसला नुसता. व्हॅक्यूम पंप पण आणला नव्हता, म्हणे थोडा गॅस सोडून हवा बाहेर काढतो. आताच्या एसीत आर-३२ असतो, तो थोडाफार का होईना पेट घेणारा गॅस आहे, आणि हा गडी माझ्या बंद खोलीत तो सोडणार होता. शिवाय हवेबरोबर ओल आत राहिली की ती कॉम्प्रेसरच्या तेलात जाऊन ॲसिड करते, मशीन लगेच मरत नाही, दोन-तीन वर्षांनी मरतं, तोवर फिटर कुठं आणि आपण कुठं. त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

दुसरा, म्हणजे ज्याचा हा रिव्ह्यू आहे तो, एका फाउंड्रीवाल्या मित्रानं सुचवला. पन्नाशीचा माणूस, बरोबर एक पोरगा. आल्या आल्या त्यानं एसीच्या खोक्याकडं बघितलंच नाही, भिंत ठोकून बघत फिरला. बोटाच्या पेरानं टकटक करत. बाहेरच्या बाजूची साडेचार इंची भिंत त्यानं लगेच बाद केली, "हिला झिरी मारली तर पलीकडनं उजेड दिसंल." झिरी म्हणजे पाइपासाठी भिंतीत पाडायची खाच. मग घराच्या सामाईक भिंतीपाशी आला. मी माझा प्लॅन दाखवला, प्रिंट काढून ठेवला होता, इनडोअरपासनं मागच्या कोपऱ्यापर्यंत पंधरा फूट आडवी झिरी, सगळं भिंतीत, एकदम स्वच्छ. त्यानं कागद बघितला, भिंत बघितली, वर बघितलं आणि म्हणाला, "मालक, पाइप लपवायचाय का घर कापायचंय?"

मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण रात्री बसून शोधलं. वीटकामाचं आपलं भारतीय मानक आहे, आयएस १९०५, त्यात दिलंय की उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा. आता हिशोब करा. नऊ इंच म्हणजे २३० मिमी, आडवीला मिळतात ३८ मिमी. आणि माझा जाड पाइप अर्ध्या इंचाचा, त्यावर १३ मिमीचं इन्सुलेशन दोन्ही बाजूनं, झाले जवळपास ३९. म्हणजे नुसता पाइपच मावत नाही, वर प्लास्टरला जागा कुठली. उभीला मात्र ७६ मिमी मिळतात, त्यात आरामात बसतो. त्या माणसानं मानक वाचलं असेल असं मला वाटत नाही, पण बोटानं टकटक करून तो त्याच आकड्यावर पोचला होता, आणि मी कॅडवर बसून चुकीचा पोचलो होतो.

त्याचा प्लॅन साधा. इनडोअरच्या मागनं साडेतीन फूट उभी झिरी, पाइप भिंतीतनं वर, सीलिंगच्या वर गेले की तिथनं पंधरा फूट आडवे पॅनेल आणि पत्र्याच्या मधल्या जागेत, मागच्या भिंतीला बाहेरच्या बाजूला उतार देऊन भोक, आणि बाहेर सज्जापर्यंत पीव्हीसीच्या केसिंगमध्ये. मी म्हणलं कन्सील्ड म्हणता आणि भिंतीत साडेतीनच फूट? तर म्हणाला, जेवढा पाइप भिंतीत कमी तेवढी झोप चांगली, सीलिंगचं पॅनेल उद्या स्क्रूड्रायव्हरनं निघतंय, भिंत निघत नाही. दिसायला दोन्ही सारखंच, खालनं काहीच दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दोघं आले, आधी कोपऱ्यावर मिसळ खाऊन आले, तीही ब्रेडबरोबर, पावाबरोबर नाही, इथंच माझा विश्वास बसला. चेष्टा सोडा. पाइपचं सांगतो, कारण यात लोक फसतात.

त्यानं पन्नास फुटी अखंड कॉइल आणलं होतं, म्हणजे इनडोअरपासनं आउटडोअरपर्यंत मध्ये एकही जोड नाही. मी वर्नियर घेऊन खाली बसलो (सवय आहे, पोरगा हसत होता), कापलेल्या टोकाची जाडी बघितली, ०.८ मिमी. बाजारात याच्यापेक्षा पातळ माल पण मिळतो आणि तांब्याच्या नावाखाली ॲल्युमिनियमचे पण किट असतात, ते उघड्यावर असतील तर एक वेळ चालून जाईल, भिंतीत पुरायचं तर नको. वाकवायला स्प्रिंग वापरली, गुडघ्यावर घेऊन वाकवला नाही. दोन्ही पाइपना वेगवेगळं नायट्राइल रबरचं इन्सुलेशन. हे बारीक पाइपला नसलं तरी चालतं म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण आपल्या स्प्लिटमध्ये दाब उतरवून गॅस गार करणारा भाग आउटडोअरमध्येच असतो, म्हणून आत येणारा बारीक पाइप पण गारच असतो, त्याला पण घाम येतो. पत्र्याखालच्या पंधरा फुटांना त्यानं १९ मिमीचं जाड घातलं, कारण मे महिन्यात तिथं हात घातला तर भाजतो. वायर पाइपला बांधून नाही टाकली, वेगळ्या नळीतनं नेली, उद्या वायर गेली तर ओढून दुसरी घालता येते. प्लास्टर आत जाऊ नये म्हणून पाइपची टोकं बूच लावून बंद केली. आणि फ्लेअरचे नट (पाइप युनिटला जोडणारे) जिथं येतात तिथं इनडोअरच्या मागं वीतभर खोबणी ठेवली, म्हणजे युनिट खालनं उचललं की पाना बसतो. गळती झालीच तर तिथंच होणार, आणि तिथं हात पोचतो.

आता मुख्य गोष्ट. शनिवारी संध्याकाळी सहाला त्यानं नायट्रोजनचा सिलिंडर लावून पाइपमध्ये ४०० पीएसआयचा दाब भरला, व्हॉल्व्ह बंद केला, गेज तसंच लावून ठेवलं आणि म्हणाला उद्या संध्याकाळी येतो, तोवर झिरी उघडीच राहू दे, मोबाईलवर फोटो काढून ठेवा. गेला. मला रात्रभर झोप नाही. पहाटे पाचला उठून बॅटरी घेऊन गॅरेजात गेलो, काटा ३९२ वर. झालं, म्हणलं गळतंय. सहा वाजायच्या आत फोन केला बिचाऱ्याला. तो झोपेतच म्हणाला, "काल सांजच्याला गरम हुतं का न्हाई? मग. ऊन वर येऊ द्या." आणि फोन ठेवला. मी मेकॅनिकलचा माणूस, गॅस गार झाला की दाब उतरतो हे मी कॉलेजात पेपरात लिहून मार्क घेतलेत, आणि पहाटे पाचला एक पण सूत्र आठवलं नाही. नंतर बसून मांडलं, ३३ डिग्रीवरनं २७ वर आलं तर ४०० चे बरोबर ३९२ च होतात. दुपारी काटा चारशेच्या पण पुढं गेला आणि संध्याकाळी सहाला परत चारशेवर, अगदी आदल्या दिवशी त्यानं काचेवर पेननं खूण केली होती तिथं.

पुढं जाऊन माझं मत विचाराल तर या सगळ्या कामाचे पैसे मी त्या चोवीस तासांचेच दिले. बाकी झिरी काय कोणीही मारतं.

फोटो काढताना एक करा, नुसता भिंतीचा काढू नका. मी टेप लावून काढले, दाराच्या चौकटीपासनं किती, फरशीपासनं किती, टेपचा आकडा फोटोत दिसेल असा. त्याचा उपयोग गणपतीच्या आधीच झाला, सांगतो पुढं.

मग झिरीवर चिकन मेश (तारेची जाळी) मारून प्लास्टर, तीन-चार दिवस पाणी मारलं, मग इनडोअर-आउटडोअर जोडलं आणि व्हॅक्यूम पंप पाऊण तास चालवला. इथं माझी एक छोटी कुरकुर, त्याच्याकडं साधं काट्याचं गेज होतं, पाइपात उरलेली हवा बारीक मोजणारं मायक्रॉनचं नव्हतं. काट्याच्या गेजवर खाली गेलं म्हणजे गेलं, पण ५०० मायक्रॉनपर्यंत गेलं का हे त्याच्यावर कळत नाही. पंप बंद करून वीस मिनिटं काटा हलला नाही एवढं बघितलं. गॅस मात्र मॅन्युअल उघडून, लांबी मोजून, साडेसात मीटरच्या (तेवढ्यापुरता कंपनीतनंच भरून येतो) वरच्या पाइपापुरता वजनकाट्यावर भरला. अंदाजानं नाही. त्याबद्दल त्याला सलाम.

मे आणि जून एकदम झकास. ऑफिसात येणारा प्रत्येक जण विचारायचा पाइप कुठायत, आणि मी मुद्दाम हळू सांगायचो.

जुलैत पाऊस लागला, आपला तो तसला, आठ-आठ दिवस सूर्य नाही. एके दिवशी सकाळी इनडोअरच्या खाली भिंतीवर एक पट्टा दिसला. बोटभर रुंदीचा, थोडा गडद, सरळ. दुसऱ्या दिवशी अडीच बोटं. चौथ्या दिवशी पट्टा युनिटपासनं खाली सहा फूट आणि मग बोळाच्या बाजूला वळलेला, म्हणजे एसीचं पाणी बाहेर नेणाऱ्या आतल्या ड्रेन पाइपचा नकाशाच भिंतीवर उमटला, कोपऱ्यातल्या एल्बोसकट. रंगाला फुगे आलेले, नखानं टोचलं की पापुद्रा सुटायचा आणि आत ओलं.

मला वाटलं ड्रेन फुटला. बाटलीनं पाणी ओतून बघितलं, सगळं पाणी बाहेर, गळती शून्य. मग डोकं चाललं. सगळा गाजावाजा तांब्याच्या पाइपांचा केला आणि ड्रेनची पीव्हीसी नळी उघडीच पुरली! एसीचं पाणी गारेगार असतं, जुलैत हवेत ओलावा भरून, वीट ओली, आणि त्यात ती गार नळी, तिला घाम येणार नाहीतर काय. थंड पाण्याच्या स्टीलच्या तांब्याला येतो तसा, फक्त इथं तांब्या भिंतीत. निदान वरच्या तीन-चार फुटांना तरी नायट्राइल घालायला पाहिजे होतं. पाइप ज्यानं एवढा जपला त्यानं इथं चूक केली, आणि मी पण, कारण मी वर्नियर घेऊन तिथंच बसलो होतो आणि ड्रेनकडं बघितलं पण नाही. तांब्याचीच हौस.

फोन केला. पहिल्या फोनला म्हणाला उद्या. दुसऱ्याला म्हणाला पावसाचं काम हाय, उघडीप बघून येतो. तिसरा उचलला नाही. एकूण एकोणीस दिवस गेले. स्टार कापला तो चुकीसाठी नाही, या एकोणीस दिवसांसाठी. चूक कोणाकडनं पण होते हो, पण "आठ दिवस लागतील" असं एकदा सांगितलं असतं तर मी रोज सकाळी तो पट्टा बघत बसलो नसतो, एसी बंद ठेवला असता आणि गप बसलो असतो. आला तेव्हा मात्र वाद घातला नाही, पट्ट्यावर हात फिरवून "ही माझी चूक" एवढंच म्हणाला, चार फूट प्लास्टर फोडलं, नळीला इन्सुलेशनची स्लीव्ह घातली, सांधे चिकटवले, परत बुजवलं, पैसे घेतले नाहीत. चहा पण नको म्हणाला, त्याला वाईट वाटलं होतं बहुतेक. त्यानंतर परतीचा पाऊस पण जोरात झाला, पट्टा परत उमटला नाही.

फोटोचं राहिलं. गणपतीच्या आधी आईनं अंबाबाईचा फोटो गॅरेजात लावायचा काढला, ऑफिस आहे तर देवी पाहिजे. बरोबर आहे. माझा भाचा ड्रिल घेऊन स्टुलावर चढला, पेन्सिलनं खूण पण केली, आणि मी प्रिंटरचं काम करता करता सहज बघितलं तर खूण इनडोअरच्या वर, जरा उजवीकडं. मोबाईल काढला, टेपवाला फोटो लावला, दाराच्या चौकटीपासनं मोजलं. खुणेच्या मागं पाऊण इंचावर जाड पाइप. आई म्हणाली आता आणि काय झालं? म्हणलं आई, फोटो वीतभर डावीकडं घेऊ. ती म्हणाली मध्यावर येत नाही मग. म्हणलं देवीला चालतंय. अजून जरा डावीकडंच आहे तो फोटो, येणारा प्रत्येक जण सरळ करायला जातो.

खर्च विचारतील म्हणून, मला पाइप, इन्सुलेशन, वायर धरून फुटाला ३२० नं २८ फुटांचे ८,९६० लागले, झिरी-प्लास्टरचे ४,५००, ड्रेनचे १,२००, स्टँड ९००, टेस्ट आणि व्हॅक्यूमचे १,५००. सगळे मिळून १७,०६०. पहिला फिटर नऊ हजारांत करतो म्हणाला होता. स्वस्त नाही, मान्य. पण उघड्यावर पाइप चालत असतील तर उघड्यावरच ठेवा, त्यात काही कमीपणा नाही, चांगलं केसिंग मारा आणि मोकळे व्हा. भिंतीतच पाहिजे असेल तर मग टेस्टचे दीड हजार वाचवू नका, आणि ड्रेनला इन्सुलेशन घालायला सांगा, दोनदा सांगा, घालताना समोर उभं राहा.

चार स्टार. परत याच माणसाला बोलवीन का? बोलवीन, पण जूनच्या आधी. फोडलेल्या चार फुटांचा रंग बाकीच्या भिंतीशी जुळत नाही, ती पट्टी अजून दिसतेय, रंगवाला दिवाळीनंतर येतो म्हणालाय, कुठल्या दिवाळीनंतर ते विचारलं नाही.